'श्री' नसलेलं पत्र

पूर्वी पत्राच्या माथ्यावर 'श्री' दिसला नाही की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा. पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला असला तर पुढचं वाचायचीही गरज नसे. अशुभ बातमीचं पत्र वाचून झालं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, अशी रीत होती. लढाईत कामी आलेल्या सैनिकाच्या घरी त्याच्या सोबत्याने लिहिलेली मराठी पत्रं आज फारशी हाती लागत नाहीत, त्याचं एक कारण ही रीत असावी असं मला वाटतं.

सरकारी तार चार शब्दांत संपायची. नंबर, हुद्दा, नाव, तारीख. तो कसा गेला, जवळ कोण होतं, पाणी मिळालं का, हे सांगायचं ते सोबत्याने. मराठीत त्याची अडचण मायन्यापासूनच सुरू व्हायची. स्वतःच्या वडिलांना 'तीर्थरूप', दुसऱ्याच्या वडिलांना 'तीर्थस्वरूप' असा आपला शिरस्ता. ज्याच्यासोबत एका ताटात जेवलो त्याच्या बापाला यातलं काय लिहायचं? आणि पुढे बहुतेक सगळ्याच देशांतल्या सैनिकांनी लिहिलेलं ते वाक्य, की त्याला त्रास झाला नाही, लगेच प्राण गेला. ते दर वेळी खरं असेलच असं नाही. तरी ते लिहिणाऱ्याला मी दोष देणार नाही.

मुंबईचा या पत्रांशी संबंध गोदीपासूनचा. पहिल्या महायुद्धात, १९१४च्या ऑक्टोबरात, इथूनच जहाजं मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराककडे निघाली. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची माणसं. एक भाऊ पलटणीत, दुसरा लालबाग-परळच्या गिरणीत, अशी कितीतरी घरं त्या वेळी होती. सैनिकांतल्या अनेकांना लिहिता येत नव्हतं, गावाकडे वाचता येत नव्हतं. म्हणजे दुःख सांगायला एक लेखनिक आणि ऐकायला एक वाचक, दोघेही परके. तिथल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात तर १४७ दिवस टपालाचा रस्ताच बंद होता, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीनंतर माणसं कैदेत गेली. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणीखाली नुसता आकडा आहे. हे वाचलं की त्या चार ओळींच्या पत्राची किंमत कळते, त्यात निदान नाव तरी असायचं.

फ्रान्सच्या आघाडीवरच्या हिंदी सैनिकांची पत्रं इंग्रज सेन्सॉर उघडून वाचत, निवडक उताऱ्यांचं भाषांतर करून अहवाल पाठवत. ते अहवाल लंडनमध्ये जपून आहेत. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांच्याकडे काही उरलं नाही आणि ज्यांनी चोरून वाचलं त्यांच्याकडे उरलं, तेही इंग्रजीत. मूळ शब्द गेले.

स्वातंत्र्यानंतर १९६२, १९६५, १९७१च्या युद्धांतही जवानांवर बहुधा आघाडीजवळच अंत्यसंस्कार होत. घरी येई ती तार, ट्रंक, कधी अस्थी, आणि कमांडिंग ऑफिसरचं पत्र. १९९९च्या कारगिल युद्धात पार्थिव गावी पाठवायला सुरुवात झाली, आणि तिरंग्यात गुंडाळलेल्या पेटीसोबत पलटणीतला एक जवान येऊ लागला. पत्रात लिहायचं ते आता त्याला आईसमोर बसून सांगावं लागतं. कागदावर ओळ खोडता येते, तिथे तेही नाही.

समुद्रात प्राण गेलेल्यांचं मात्र वेगळं. मस्जिद बंदरच्या खलाशांच्या वसतिगृहातलं स्मारक पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक अशा माणसांचं आहे. आणि ९ डिसेंबर १९७१च्या रात्री, मुंबईहून निघालेली नौदलाची युद्धनौका 'खुकरी' दीवजवळ पाणतीराने फुटली तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. पार्थिव नाही, अस्थी नाहीत. वाचलेल्यांना दुसऱ्या दिवशी नौदलाच्याच 'कच्छाल' या नौकेने उचललं. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, हे या वाचलेल्यांमुळेच देशाला कळलं. पण जहाज काही मिनिटांत बुडालं होतं. खालच्या मजल्यांवर जे होते, त्यांच्या घरी लिहायला पाहिलेलं असं कुणापाशी काही नव्हतं.