आफ्टरनून टी की हाय टी? उघड्यावरच्या नाटकाला टोपलीत काय न्यायचं

मुंबई-पुण्यात चर्चासत्राच्या पत्रिकेवर ‘दुपारी ४ वाजता हाय टी’ असं छापलेलं असतं. टेबलावर छोटी सँडविचेस, पेस्ट्री, कटलेट आणि चहा. इंग्लंडमध्ये याला आफ्टरनून टी म्हणतात. हाय टी तिथे मुळात निराळीच गोष्ट आहे. एरवी या गोंधळाने कुणाचं काही बिघडत नाही, पण इंग्लंडच्या उन्हाळ्यात उघड्यावरचं नाटक बघायला टोपली भरून निघालात की बिघडतं.

आफ्टरनून टीचं श्रेय बेडफर्डच्या डचेस ॲना यांना दिलं जातं. साल साधारण १८४०. बड्या घरांत रात्रीचं जेवण आठच्या आसपास सरकलं होतं आणि दुपारचं खाणं अगदी जुजबी असायचं. मधल्या वेळी पोटात खड्डा पडायचा, म्हणून त्या चार-पाचच्या सुमारास चहा, ब्रेड-बटर आणि केक मागवू लागल्या. पुढे मैत्रिणींनाही बोलावू लागल्या. म्हणजे हे खाणं जेवणापर्यंत धीर धरण्यासाठी. मागून खरं जेवण येणार, हे त्यात गृहीतच आहे.

हाय टी आली कष्टकऱ्यांच्या घरातून. गिरणीतून, खाणीतून माणूस पाच-सहाला दमून घरी येणार. त्याच्यासमोर मांस, पाय (पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ, इंग्रजीतला ‘pie’), अंडी, चीज, जाड ब्रेड आणि किटलीभर कडक चहा. बैठकीतल्या बुटक्या टेबलावरचा तो आफ्टरनून टी आणि जेवणाच्या उंच टेबलावरची ती हाय टी, असं नावामागचं कारण सहसा सांगतात. हाय टी झाली की दिवसाचं जेवण झालं. उत्तर इंग्लंडमध्ये आजही ‘टीला काय आहे?’ असं विचारलं, तर माणूस रात्रीच्या जेवणाबद्दल विचारत असतो.

मी पहिल्यांदा मिनॅकला गेले तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. मिनॅक हे कॉर्नवॉलमधल्या पोर्थकर्नोला समुद्राच्या कड्यात घडवलेलं नाट्यगृह. रोवेना केड या बाईंनी आपल्या माळ्याला हाताशी धरून ते उभं केलं. ओल्या सिमेंटवर जुन्या स्क्रूड्रायव्हरने त्या नक्षी कोरत. १९३२ साली तिथे शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’चा पहिला प्रयोग झाला, तोही मोटारीच्या दिव्यांच्या मदतीने. रंगमंचाच्या मागे पडदा नाही, थेट अटलांटिक. अशा जागी नाजूकच काहीतरी न्यावं असं वाटलं आणि मी काकडीची सँडविचेस, स्कोन (छोटे, गोल, पावासारखे केक) आणि लिंबाचा केक नेला. प्रयोग संध्याकाळचा होता. मध्यंतराला सूर्य खाली गेला, दगडी आसनाचा गारवा अंगात शिरला, आणि दोन बोटं रुंदीच्या सँडविचने भागेल अशी भूक ती नव्हती. शेजारच्या कुटुंबाने जाड टॉवेलात गुंडाळलेल्या पेस्टी काढल्या, म्हणजे सारण भरून भाजलेल्या मोठ्या करंज्याच. अजून वाफाळत होत्या.

तेव्हापासून मी आधी प्रयोगाची वेळ बघते आणि मग टोपली भरते. दुपारी दोन-अडीचचा प्रयोग असेल तर आफ्टरनून टी. नाटक साडेपाचच्या आत संपतं, जेवण पुढे आहेच. साडेसात-आठचा असेल तर सुटायला दहा वाजतात आणि गावातली स्वयंपाकघरं तोवर बंद झालेली असतात. तिथे हाय टीच हवी. आपल्या प्रवासातल्या दशम्या आणि चटणीचा डबा याच जातीचा.

दुपारच्या टोपलीत सगळा जीव काकडीच्या सँडविचमध्ये असतो आणि ते भिजून लिबलिबीत झालं की मजा गेली. काकडीच्या पातळ चकत्यांना मीठ लावून वीस मिनिटं निथळत ठेवा, मग फडक्यावर कोरड्या करा. ब्रेडच्या दोन्ही कापांना अगदी कडेपर्यंत लोणी लावा, म्हणजे पाणी आत झिरपत नाही. कडा सँडविच रचल्यावरच कापा. स्कोन मात्र घरून भरून नेऊ नका. जॅम आणि क्लॉटेड क्रीम (तापवून दाट केलेली साय) वेगळं न्या. क्रीम बर्फाच्या डब्यात, नाहीतर उन्हात ते सैल पडतं. कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम मग क्रीम, डेव्हनमध्ये उलट. यजमानांच्या गावची रीत पाळावी. नुसता चहा, स्कोन, जॅम आणि क्रीम एवढंच असेल तर त्याला क्रीम टी म्हणतात, ते आणखी तिसरं.

संध्याकाळच्या टोपलीला फार नखरे नाहीत. पेस्टी, पोर्क पाय किंवा उकडलेली अंडी, चेडरचा तुकडा, लोणचं, फ्रूट केक. कॉर्निश पेस्टी हे नाव २०११ पासून संरक्षित आहे आणि त्या नावाखाली आत बीफ, बटाटा, कांदा आणि स्वीड हा कंदच असतो. शाकाहारी असाल तर चीज-कांद्याची पेस्टी घ्या, कॉर्नवॉलमध्ये ती सहज मिळते. कुरकुरणारी पाकिटं टाळा. शांत प्रसंगात तो आवाज चार रांगा पुढे जातो.

ससेक्समधल्या ग्लाइंडबोर्नच्या ऑपेरा महोत्सवाला मात्र यातलं काहीच लागू नाही. तिथे मध्यंतरच दीड तासाचं असतं आणि लोक हिरवळीवर साग्रसंगीत जेवतात.

चहा दोन्हीकडे हवाच. थर्मासमध्ये गरम पाणी नेऊन जागेवर टी बॅग बुडवली तर चहा फिका होतो, कारण तोवर पाणी पुरेसं कढत राहत नाही. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून ओतून द्या. घरीच कडक चहा करून, पत्ती गाळून तो आत भरा. दूध वेगळ्या बाटलीत. संध्याकाळ असेल तर थर्मास दोन न्या, दुसरा मध्यंतरापर्यंत उघडू नका.