‘काळं मारणं’ वेगळं, ‘मेण सोडणं’ वेगळं

“मालक, खालून काळं मारून टाकू, दहा वर्षं बघायला नको.” माझी जुनी पद्मिनी मोटार मुंबईहून सोलापूरला आली, त्याच आठवड्यात एका गॅरेजात हे ऐकलं आणि मान डोलावली. चार पावसाळ्यांनी गाडी जॅकवर घेऊन खाली आडवा झालो. सिलवर, म्हणजे दाराखालच्या लांब पोकळ पट्टीवर, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं, तर ते सरळ आत गेलं. काळा थर रबरासारखा शाबूत होता, पण त्याच्या मागचा पत्रा उरला नव्हता. थर सोलल्यावर खारीच्या तुकड्यांसारखे तपकिरी पापुद्रे छातीवर पडले, ओंजळभर तरी असतील.

तेव्हा कळलं की मी विकत घेतलं होतं एक काम, ‘काळं मारणं’, आणि मला हवं होतं दुसरंच, ‘मेण सोडणं’. गॅरेजात दोन्हींना ‘अँटी-रस्ट’च म्हणतात, कोणी तर ‘टेफ्लॉन’ म्हणूनही मोकळं होतं. त्यामुळे घोटाळा होणारच.

काळं म्हणजे डांबराचा किंवा रबराचा जाड थर. चाकांनी उडवलेली खडी, चिखल आणि आवाज अडवणं हे त्याचं काम. नव्या, स्वच्छ, प्रायमर मारलेल्या पत्र्यावर तो उत्तम बसतो. गंजलेल्या पत्र्यावर मात्र तो गंजाला चिकटतो, आणि गंज पत्र्याला धड चिकटलेला नसतो. त्यात आपला उन्हाळा चाळिशीच्या पुढचा. थर वाळतो, कडेला बारीक भेग पडते, पावसाचं पाणी तिथून आत शिरतं आणि मग बाहेर पडायला वाट नसते. गंजायला लोखंडाला पाणी आणि हवा एवढंच लागतं, ते दोन्ही थराच्या आड मिळतं. वरून गाडी काळीकुळकुळीत दिसत राहते. मला सगळ्यात राग येतो तो या दिसण्याचा. उघडा गंज निदान डोळ्यांना टोचतो तरी.

मेणाचं तसं नाही. ते पातळ करून, लांब नळीने पत्र्याच्या पोकळीत फवारतात. पातळ करणारं द्रव्य उडून जातं आणि मऊ, तेलकट थर मागे उरतो. हा थर कधीच दगडासारखा वाळत नाही, त्यातच त्याचा गुण आहे. दोन पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्डिंग केलेलं असतं, त्या सांध्यात ब्रश जात नाही, पण मेण झिरपतं. पद्मिनीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार उचलते आणि सिल आतून पोकळ आहेत. म्हणजे जिथून गाडी खचते तिथे काळं मारणाऱ्याचा हात पोचतच नाही. तो मारतो बाहेरून, ती सडते आतून.

मेणाच्याही खोडी आहेत. चाकाजवळ ते टिकत नाही, पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन जातं. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा मारावं लागतं. हातांना, कपड्यांना चिकटतं ते वेगळंच. आणि पुढे कधी तिथे वेल्डिंग निघालं तर वेल्डरला आधी सांगायचं, नाहीतर आतलं मेण पेट घेतं.

या मेणाचे डबे आणि व्हिडिओ बहुतेक थंड देशांतले. तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून शौकीन लोक जुनी गाडी हिवाळाभर झाकून ठेवतात. सोलापुरात हिवाळा हाच गाडी काढायचा मोसम. जानेवारीत गड्ड्याची जत्रा असते तेव्हा माझी रोज बाहेर असते. आपल्याकडे गाडी झाकायची ती मृगापासून परतीच्या पावसापर्यंत. ‘सोलापुरात पाऊस आहेच कुठे’ असं लोक म्हणतात. खरं आहे, कोकणाच्या मानाने काहीच नाही. पण मुंबईत वाढलेल्या गाडीच्या पत्र्याच्या घड्यांत खारं वारं मुरलेलं असतं, आणि मीठ हवेतला दमटपणा स्वतःकडे ओढून घेतं. छपराखाली उभी असली तरी तिचा पावसाळा चालूच असतो.

म्हणून माझा क्रम आता असा. एप्रिलमध्ये सिल आणि दारं आतून गोड्या पाण्याने धुवायची. मग दारं उघडी टाकून आठ-दहा दिवस गरम वारं खाऊ द्यायचं. या कामाला सोलापूरच्या उन्हासारखं यंत्र नाही. मे महिन्यात मेण: सिल, दारांचे तळ, डिक्कीच्या कडा, हेडलाइटच्या मागच्या वाट्या. सायलेन्सर आणि ब्रेक सोडून. काळं फक्त मडगार्डच्या आत, तेही पत्रा घासून लख्ख करून, प्रायमर मारून. जुने मिस्त्री फुकटात होतंय म्हणून जळकं ऑइल फवारतात. त्यात आम्ल असतं, सांध्यांतले रबरी बुश फुगतात आणि अंगणातली माती नासते. नको.

एकदा घरातल्या जाड सोलापुरी चादरी गाडीवर घालून वर ताडपत्री बांधली होती. सप्टेंबरात काढली तेव्हा चादरी ओलसर आणि बॉनेटवर त्यांच्या घड्यांचे ठसे. काळ्या थराने खालून जे केलं तेच मी वरून केलं होतं. आता एकच हलकं, हवा खेळणारं कापड.

यंदा मेण मारल्यावर दोन दिवस शहाबादी फरशीवर दारांखाली थेंबांचे डाग पडत होते. ते पडायलाच हवेत, पाणी निघायची भोकं मोकळी असल्याची ती खूण. तीन दारांखाली डाग होते. मागच्या डाव्या दाराखाली फरशी कोरडी. जुन्या काळ्याचा एक गोळा तिथल्या भोकात अजून बसलेला होता. तार घेऊन पुन्हा खाली आडवा झालो.