‘उल्लेखनीय’ या शब्दाचा गुंता: जुन्या टेक्स्ट गेमच्या नोंदीची पार्श्वभूमी

चित्रांविना, केवळ पडद्यावरच्या शब्दांतून खेळायच्या एखाद्या जुन्या टेक्स्ट गेमवर ज्ञानकोशात स्वतंत्र नोंद असावी का, हा प्रश्न पुण्यातल्या मराठी संपादकांपुढे येतो, तेव्हा वाद खेळावरून कमी आणि ‘उल्लेखनीयता’ या एका शब्दावरून जास्त होतो.

छापील कोशांना हा वाद फारसा ठाऊक नव्हता. १९२० च्या दशकात पुण्यात पूर्णत्वास गेलेला २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश असो की १९७६ पासून निघू लागलेले मराठी विश्वकोशाचे खंड असोत, पाने मोजकी होती आणि गाळलेल्या नोंदीचे कारण वाचकाला द्यावे लागत नव्हते. ऑनलाइन कोशाला जागेची सबब सांगता येत नाही. इंग्रजी विकिपीडिया २००१ साली आणि मराठी २००३ साली सुरू झाला. २००६ च्या सुमारास इंग्रजीत सर्व विषयांसाठी एक निकष स्थिरावला. विषयाशी हितसंबंध नसलेल्या, विश्वासार्ह लेखनात त्या विषयाची पुरेशी सविस्तर दखल घेतली गेलेली असावी, हा त्याचा गाभा.

मराठीत या निकषाला ‘उल्लेखनीयता’ म्हटले गेले आणि गुंता तिथे सुरू झाला. ‘दर्शनीय’, ‘आदरणीय’ यांतला ‘-नीय’ योग्यता सांगतो. प्रगतिपुस्तकातल्या ‘उल्लेखनीय प्रगती’ या शेऱ्यामुळे त्या शब्दाला शाबासकीचा अर्थही चिकटलेला आहे. त्यामुळे ‘हा खेळ उल्लेखनीय नाही’ असे चर्चापानावर, म्हणजे नोंदीविषयी संपादक जिथे बोलतात त्या पानावर, लिहिले, की तो खेळ रात्र रात्र जागून खेळलेल्या माणसाला तो अपमान वाटतो आणि तो खेळाची थोरवी सांगू लागतो. निकष मात्र थोरवी विचारतच नाही. दखल घेण्यासारखे काही आहे का, हा त्याचा प्रश्न नसून दखल घेतली गेली का, आणि ती कुठे छापलेली आहे, एवढाच आहे. ‘दखलपात्र’ हा पर्याय काहीजण सुचवतात, पण त्यातला ‘पात्र’ पुन्हा योग्यतेकडेच नेतो, शिवाय तो शब्द पोलीस ठाण्यातल्या गुन्ह्यांच्या वर्गवारीला बांधलेला आहे. ‘दखलप्राप्त’ हा शब्द कानाला जड असला तरी जे घडले तेच सांगतो, आणि तो आधीच रूढ झाला असता तर निम्मे वाद टळले असते, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

या निकषाची धार सर्वाधिक जाणवली ती २००९ च्या जानेवारीत. १९९६ पासून चालू असलेल्या, अनेकांनी एकाच वेळी खेळायच्या एका टेक्स्ट गेमवरचा लेख इंग्रजी विकिपीडियावरून चर्चेअंती काढण्यात आला. अशा चर्चेत मते मोजली जात नाहीत, आधार तपासले जातात. या प्रकारच्या खेळांविषयीचे बरेचसे लेखन खेळाडूंच्या आणि चालकांच्या संकेतस्थळांवर असते, आणि ते स्वतंत्र लेखन मानायचे का, इथेच दोन्ही बाजू अडल्या. निर्णय नियमाला धरून होता हे मान्य करूनही तो हळहळ लावणारा आहे, कारण ज्या माध्यमाने आपला इतिहास स्वतःच लिहून ठेवला, त्याचा इतिहास त्यामुळेच अग्राह्य ठरतो.

त्याहून जुन्या खेळांची अडचण निराळी आहे. १९७३ साली अमेरिकेत बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या १०१ खेळांचे एक पुस्तक निघाले; त्यात प्रत्येक खेळाची थोडक्यात ओळख आणि पुढे अख्खा प्रोग्रॅम छापलेला होता. ती ओळख दखल मानता येईल, प्रोग्रॅम नाही. तो तर खुद्द खेळच आहे.

‘ॲडव्हेंचर’ची गोष्ट याच संदर्भात पुन्हा पुन्हा काढली जाते. १९७५-७६ मध्ये पीडीपी-१० या संगणकावर फोरट्रान या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला हा खेळ रस्त्याच्या टोकाशी असलेल्या विटांच्या एका लहान इमारतीजवळ सुरू होतो. खेळाडू एकदोन शब्दांची आज्ञा टंकतो आणि उत्तर वाक्यांत येते. १९७७ साली दुसऱ्या एका प्रोग्रॅमरने तो बराच वाढवला आणि तीच आवृत्ती पसरली. मूळ लेखन, म्हणजे सुमारे ७०० ओळींचा प्रोग्रॅम आणि जवळपास तेवढ्याच ओळींची माहिती, हरवले असेच धरले जात होते. एका विद्यापीठाने जपलेल्या जुन्या बॅकअपमध्ये ते सापडले, आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनलेखात ते, खेळ जिच्यावर बेतला होता त्या अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या खऱ्या गुहेशी ताडून पाहिले गेले. कुऱ्हाड फेकणारे बुटके आणि जादूचा पूल मूळ खेळातच होते, हे तेव्हा पक्के कळले. सविस्तर, स्वतंत्र, विश्वासार्ह अशी दखल खेळानंतर तीस वर्षांनी अशी येऊ शकते, आणि निकषात त्यासाठी मुदत घातलेली नाही.

स्रोत मराठीतच हवेत, असेही तो निकष म्हणत नाही. पुण्यातल्या चर्चेत ही गैरसमजूत वारंवार दूर करावी लागते.

सदाशिव पेठेतल्या एका घरी, कडेला भोके असलेल्या डॉट मॅट्रिक्सच्या सलग कागदावर पेन्सिलीने काढलेला अशाच एका खेळाचा नकाशा घडी घालून ठेवलेला आहे. चुकलेले भुयार दोनदा खोडले आहे, आणि घडीच्या रेषेवर तीन खोल्यांची नावे पुसट झाली आहेत. तो खेळ पुण्यात कोणी, कोणत्या यंत्रावर, कसा खेळला, हे त्या कागदावरून कळते. पण त्यावर कोणीतरी लिहून ते छापून येईपर्यंत नोंदीच्या तळटीपेत तो देता येत नाही.