कचरा कुणाच्या लेखी? अमेरिका–मेक्सिको सीमेवरच्या वस्तुकलेची पार्श्वभूमी

सोनोरा वाळवंटातून उत्तरेकडे चोरवाटेनं निघालेल्या माणसाच्या हातात पाण्याचा काळा कॅन असतो. पूर्वी हे कॅन पांढरे असत. उन्हात ते लांबून गस्तीवाल्यांच्या नजरेत भरायचे, म्हणून लोक त्यांना काळा रंग फासायचे किंवा कापड गुंडाळायचे. पुढे मेक्सिकोत कारखान्यांतूनच काळे कॅन निघू लागले आणि वाळवंट ओलांडण्याआधी लोक जिथं जमतात त्या आल्तार गावात विकले जाऊ लागले. काळ्या प्लास्टिकमध्ये पाणी जास्त तापतं, तरी लोक तेच घेतात. रिकामा झाला की कॅन वाटेत पडतो. सरकारी खात्यांच्या लेखी तो कचरा असतो, मानवशास्त्रज्ञाच्या लेखी पुरावा, आणि गेल्या वीसेक वर्षांत काही कलावंतांच्या लेखी कलेचं साहित्य.

सापडलेल्या वस्तूंपासून कला करण्याची कल्पना अर्थातच सीमेवर जन्मलेली नाही. मार्सेल द्युशाँनं १९१३मध्ये स्टुलावर सायकलचं चाक बसवलं आणि १९१७मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनासाठी मुतारीचं भांडं पाठवलं. पहिल्या महायुद्धानंतर कुर्ट श्विटर्स तिकिटं, चिठोरे, लाकडाचे तुकडे गोळा करून त्यांची चित्रं जोडत होता. १९६१मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं 'द आर्ट ऑफ असेंब्लाज' हे प्रदर्शन भरवलं आणि या प्रकाराला प्रतिष्ठा मिळाली. या सगळ्या परंपरेत वस्तू बेवारस आहे असं धरूनच चालतात. ती आधी कुणाची होती, हे विचारायची गरज कुणाला वाटत नाही.

सीमेवर हा प्रश्न टाळता येत नाही, आणि तिथल्या कलेचं वेगळेपण मला यातच दिसतं.

त्याची चाहूल सीमेपासून दूर नसलेल्या लॉस एंजलिसमध्ये लागली होती. १९६५च्या ऑगस्टमध्ये तिथल्या वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीत उठाव झाला, दुकानं जळली. नोआ प्युरिफॉय आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३ टन जळकं सामान गोळा केलं आणि त्यातून १९६६मध्ये '६६ साइन्स ऑफ निऑन' हे प्रदर्शन उभं केलं. त्यातली प्रत्येक वस्तू शेजारच्या गल्लीतली होती. पाहणाऱ्याला ती ओळखू येत होती.

दुसरा धागा मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन लोकांचा, म्हणजे चिकानो समाजाचा. 'रास्क्वाचे' हा शब्द मेक्सिकोत हिणवण्यासाठी वापरत. गरिबाघरचं, ठिगळं लावलेलं, भडक, अभिरुची नसलेलं असं काहीतरी. १९८९मध्ये तोमास इबारा-फ्राउस्तो या अभ्यासकानं एका निबंधात हाच शब्द अभिमानानं उचलला. हाताशी आहे त्यातून भागवायचं, फुटकं सांधायचं, डब्याची कुंडी करायची, टायरचा वाफा करायचा, ही त्याच्या मते गरजेतून आलेली सौंदर्यदृष्टी होती. आपल्याकडचा 'जुगाड' त्याच्या जवळ जातो, पण पुरता पोचत नाही. जुगाडात काम भागलं की संपलं. रास्क्वाचेमध्ये नटण्याची हौसही आहे आणि वरच्या वर्गाला दिलेलं उत्तरही आहे.

हे सगळं घडत होतं ती सीमा तशी जुनी नाही. १८४८च्या ग्वादालुपे इदाल्गोच्या तहानं मेक्सिकोचा निम्म्याहून अधिक प्रदेश अमेरिकेकडे गेला आणि पुढच्या काही वर्षांत आजची रेषा ठरली. १९६५पासून मेक्सिकोनं सीमेलगत परदेशी मालाची जुळणी करणारे कारखाने, माकिलादोरा, येऊ दिले. तिहुआना, हुआरेस ही शहरं फुगली. कामगार आले, घरं नव्हती. मग उत्तरेनं टाकलेल्या मालातून घरं उभी राहिली. तिहुआनाच्या उतारांवर जुन्या टायरांच्या भिंती माती धरून ठेवतात, सॅन डिएगोतल्या गॅरेजची काढून टाकलेली दारं खोल्यांच्या भिंती होतात. पाडायला निघालेली लाकडी घरं तर अख्खीच्या अख्खी ट्रेलरवरून सीमेपार येतात आणि लोखंडी सांगाड्यावर चढवली जातात. वास्तुरचनाकार टेडी क्रूझ यांनी हे बांधकाम बारकाईनं नोंदलं आहे. सीमेवरच्या कलावंतानं भंगार हातात घेतलं तेव्हा ते त्याच्यासाठी नवं माध्यम नव्हतंच, त्याची गल्लीच त्यातून बांधलेली होती.

१९८४मध्ये सॅन डिएगो–तिहुआना भागात 'बॉर्डर आर्ट वर्कशॉप' हा गट उभा राहिला. त्याच्या संस्थापकांपैकी डेव्हिड आवालोस गाडीच्या चाकांवरच्या झाकण्यांपासून 'मिलाग्रो' करायचा. मिलाग्रो म्हणजे नवसासाठी देवापुढे वाहतात तो हाताचा, पायाचा, हृदयाचा धातूचा छोटा आकार. १९८६मध्ये त्यानं तिहुआनात पर्यटकांचे फोटो काढायला वापरतात तशी गाढवगाडी करून सॅन डिएगोच्या संघीय न्यायालयाच्या इमारतीपुढे ठेवली. सुरक्षेला धोका असल्याचं कारण देऊन न्यायाधीशानं ती लगेच हलवायला लावली. १९९२पासून दोन्ही शहरांत 'इनसाइट' ही प्रदर्शनमालिका सुरू झाली. १९९७च्या इनसाइटमध्ये बेत्साबे रोमेरोनं तिहुआनाच्या कोलोनिया लिबर्ताद वस्तीत एक जुनी फोर्ड गाडी फुलं रंगवलेल्या कापडानं मढवली आणि आत वाळलेले गुलाब भरले.

सीमेनं दोन देशांत दुभागलेल्या नोगालेस शहरात आल्बेर्तो मोराकिस आणि ग्वादालुपे सेर्रानो यांनी आपल्या कार्यशाळेचं नावच 'तायेर योन्के' ठेवलं. 'योन्के' म्हणजे भंगारवाला, इंग्रजी 'जंक'वरून आलेला सीमेवरचा स्पॅनिश शब्द. २००४मध्ये त्यांनी आल्फ्रेड किरोझ या चित्रकाराबरोबर शहराच्या मधोमध असलेल्या कुंपणावर रंगवलेल्या पत्र्याच्या माणसांची मिरवणूकच लावली. ते कुंपणही भंगाराचंच होतं. १९९०च्या दशकात अमेरिकेनं व्हिएतनाम युद्धाच्या काळातले, विमानं उतरवायला जमिनीवर अंथरायचे पोलादी पत्रे उभे करून ते बांधलं होतं.

१९९४ हे वर्ष इथं निर्णायक आहे. जानेवारीत अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला मुक्त व्यापाराचा नाफ्टा करार लागू झाला, मालाला वाट मोकळी झाली. त्याच वर्षी शहरांजवळचे मार्ग गस्त वाढवून बंद करायचं धोरण आलं. वाळवंटाच्या भीतीनं लोक परततील असा हिशेब होता. लोक वाळवंटातून जाऊ लागले आणि हजारो मेले. कलेचं साहित्य इथं बदललं. तोवर उत्तरेचा टाकाऊ माल दक्षिणेत येत होता. आता दक्षिणेतून निघालेल्या माणसांचं सामान उत्तरेच्या वाळूत सापडू लागलं. पाठपिशव्या, बाळाचे बूट, जपमाळा, पावलं उमटू नयेत म्हणून तळाला गालिच्याचा तुकडा लावलेली पादत्राणं.

जेसन दे लेओन या मानवशास्त्रज्ञानं २००९पासून ॲरिझोनात या वस्तू उत्खननाच्या शिस्तीनं गोळा केल्या. २०१३मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या प्रदर्शनात पाठपिशव्यांची एक भिंत मांडली गेली. टॉम किफर हा छायाचित्रकार तर आहो गावाजवळच्या सीमा दलाच्या ठाण्यात सफाई कामगार होता. पकडलेल्यांच्या जप्त करून फेकलेल्या वस्तू त्याला कचऱ्याच्या पेट्यांत दिसू लागल्या. कंगवे, टूथब्रश, पाकिटं, बायबल. त्यानं त्या जपून ठेवल्या, रांगेत मांडल्या आणि त्यांची छायाचित्रं काढली. संगीतकार गिलेर्मो गालिंदोनं छायाचित्रकार रिचर्ड मिझराकबरोबर केलेल्या 'बॉर्डर कॅन्टोज'मध्ये (२०१६) अशा वस्तूंची वाद्यं केली. बंदुकीच्या रिकाम्या काडतुसांचं एक, कुंपणाच्याच वाकलेल्या तुकड्याचं एक.

'कचरा' या शब्दावर न्यायालयातही वाद झाला. २००८मध्ये ॲरिझोनाच्या एका अभयारण्यात तहानलेल्यांसाठी पाण्याचे भरलेले कॅन ठेवणाऱ्या स्वयंसेवकाला कचरा टाकल्याबद्दल दोषी ठरवलं गेलं. २०१०मध्ये अपील न्यायालयानं तो निकाल फिरवला. पिण्याचं पाणी कचऱ्यात मोडतं असं नियमावरून स्पष्ट होत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

या कलेवर आक्षेपही आहेत आणि मला ते खरे वाटतात. ज्याची पिशवी भिंतीवर टांगली त्याला कुणी विचारलेलं नाही. तो कदाचित शिकागोत एखाद्या स्वयंपाकघरात भांडी घासत असेल, कदाचित जिवंत नसेल. त्याचा कंगवा सुंदर प्रकाशात मांडला की पाहणाऱ्याचे डोळे ओले होतात, पण नाव मात्र कलावंताचं होतं. मार्गारिता काब्रेरानं यावर एक वाट काढली. सीमा दलाचे जुने गणवेश घेऊन तिनं स्थलांतरितांनाच शिवायला बसवलं. गणवेशाच्या हिरव्या कापडाची निवडुंगं झाली आणि त्यांवर ज्यानं त्यानं आपल्या प्रवासाची चित्रं भरतकामानं काढली.

नोगालेसचं पत्र्यांचं कुंपण २०११मध्ये निघालं, सॅन डिएगोचं २०१८पासून. त्यांच्या जागी पोलादी खांबांची उंच रांग आली. खांबांच्या फटींतून पलीकडची माणसं दिसतात, पण मिरवणूक लावावी अशी सपाट भिंत आता तिथं नाही.