एएफसी आशियाई चषक १९६४ मधील भारतीय फुटबॉल संघ

१९६४ च्या आशियाई चषकात भारत रनर-अप ठरला, आणि या स्पर्धेत त्याहून वरचा नंबर आपल्याला आजवर मिळालेला नाही. स्पर्धा इस्रायलमध्ये, मे-जूनमध्ये झाली. टीम फक्त चारच, इस्रायल, भारत, दक्षिण कोरिया आणि हाँगकाँग, फायनल नाही, सगळ्यांनी एकमेकांशी खेळायचं आणि ज्याचे पॉइंट जास्त त्याचा कप. पात्रता फेरीत आपल्या गटातल्या बाकी सगळ्यांनी माघार घेतली, त्यामुळे आपण एकही मॅच न खेळता थेट मुख्य स्पर्धेत. म्हणून काहीजण या रुपेरी यशाला नाकं मुरडतात, पण कोरिया तेव्हा १९५६ आणि १९६० असा लागोपाठ दोनदा चॅम्पियन होता हे सोयीस्कर विसरतात.

कॅप्टन चुनी गोस्वामी, कोच इंग्लंडचे हॅरी राइट. १९६२ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये गोल्ड मिळवून देणारे सय्यद अब्दुल रहीम १९६३ मध्येच कॅन्सरने गेले होते, टीम मात्र बरीचशी त्यांच्याच हाताखाली घडलेली.

पहिली मॅच २७ मे ला कोरियाशी. दुसऱ्याच मिनिटाला अप्पलराजूने गोल ठोकला, सेकंड हाफमध्ये इंदर सिंगने दुसरा, २-०. नेहरू गेले तोही हाच दिवस, त्यामुळे इकडे या विजयाचं कुणाला काय कौतुक असणार. २९ मे ला इस्रायलकडून ०-२ हरलो आणि खरं तर कप तिथेच हातचा गेला. मग हाँगकाँगविरुद्ध आधी एक गोल खाल्ला, हाफटायमाच्या आत इंदर सिंगने बरोबरी केली, नंतर समाजपती आणि स्वतः गोस्वामी, ३-१.

तेव्हा जिंकल्यावर २ पॉइंट मिळायचे, म्हणजे आपले ४ झाले आणि आता सगळी नजर ३ जूनच्या इस्रायल-कोरिया मॅचवर, कारण इस्रायल हरलं असतं तर तिघांचेही चार-चार झाले असते. पण इस्रायलने २-१ ने जिंकून ६ पॉइंटांवर कप घेतला. इंदर सिंगचे २ गोल, स्पर्धेत त्याच्याहून जास्त कुणाचेच नाहीत.



यानंतर भारत मुख्य स्पर्धेत दिसला तो थेट १९८४ ला, आणि पुढची मॅच जिंकायला २०१९ उजाडलं, अबू धाबीत थायलंडला ४-१ ने हरवलं तेव्हा.