कंड, आंतरिक विकारजन्य

त्वचेचा मूळ रोग नसताना मूत्रपिंड, यकृत, रक्त किंवा अंतःस्रावी ग्रंथींच्या दीर्घकालीन विकारामुळे अंगाला सुटणारी खाज. ती सहा आठवड्यांहून अधिक टिकल्यास चिरकारी समजतात. येथे आधी खाज सुटते. ओरखडे, काळे डाग आणि कडक गाठी खाजवून खाजवून नंतर उमटतात. पाठीच्या ज्या मधल्या भागापर्यंत हात पोहोचत नाही तेथील त्वचा म्हणूनच अनेकदा स्वच्छ राहते, आणि फुलपाखराच्या आकाराची ही मोकळी जागा डॉक्टरांना निदानाची दिशा देते.

मुंबईच्या दमट हवेत घामोळे, गजकर्ण आणि खरूज नेहमीचेच असल्याने अशी खाज सहज दुर्लक्षिली जाते. औषधाच्या दुकानातून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम महिनोन्‌महिने चोळले जाते. त्याने मूळ विकार हटत नाहीच, शिवाय सोबत गजकर्ण असेल तर ते पसरते.

मराठीत ‘अंगावर पित्त उठले’ म्हणतात ते शीतपित्त. यकृतातील पित्तरसाशी त्याचा संबंध नाही. पित्तरस खरोखर तुंबतो तेव्हा गांधी उठत नाहीत, तर तळहात आणि तळपाय रात्री विशेष खाजतात, आणि हे कधीकधी कावीळ दिसण्याआधीच सुरू होते. आंघोळीनंतर काही मिनिटांत, अंगावर काहीही न दिसता चुणचुणणारी खाज तांबड्या पेशींच्या अतिवृद्धीत आढळते. हॉजकिन लसीका-कर्करोगात रात्रीचा घाम, ताप आणि वजनातील घट यांच्या जोडीला खाज असू शकते. लोहाची कमतरता, थायरॉइडचे विकार, मधुमेह व एचआयव्ही हीही कारणे होत. त्यामुळे रक्तगणना, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे कार्य), यकृताच्या चाचण्या, साखर, टीएसएच (थायरॉइड) आणि फेरिटिन (लोहाचा साठा) यांपासून तपासाला सुरुवात करतात.

सर्वांत चिवट खाज मूत्रपिंड निकामी झालेल्यांची. आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाची त्यापायी झोपही उडते. कोरड्या त्वचेला स्निग्ध मलम लावणे ही पहिली पायरी. या खाजेत हिस्टामिनचा, म्हणजे अॅलर्जीत खाज आणणाऱ्या रसायनाचा, वाटा अल्प असल्याने अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी गुंगी येते, खाज मात्र फारशी कमी होत नाही. गॅबापेंटिन हे मज्जातंतूंवर काम करणारे औषध अत्यल्प मात्रेत, डायलिसिसनंतर देतात. त्वचेवर सोडलेले अरुंद पट्ट्याचे अतिनील-ब (नॅरोबँड यूव्हीबी) किरणही उपयोगी पडतात. अमेरिकेत 2021 मध्ये डायफेलिकेफॅलिन या शिरेवाटे देण्याच्या औषधास मान्यता मिळाली. मूत्रपिंड प्रत्यारोपण यशस्वी झाल्यास ही खाज बहुधा थांबते.