टॉकबॅक बॅटरी खाते का? विदर्भाचा उन्हाळा आणि लिथियमचे रसायनशास्त्र

विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एखाद्या अंध गिऱ्हाइकाने बॅटरी टिकत नसल्याची तक्रार केली, की एक सल्ला हमखास मिळतो: ‘‘ते टॉकबॅक बंद करून द्या ना भाऊ, त्याच्यानंच बॅटरी खाते.’’ सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण त्यात दोन चुका आहेत. पहिली व्यवहारातली आहे, कारण टॉकबॅक हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा ‘स्क्रीन रीडर’ आहे आणि तो बंद केलेला फोन अंध माणसाच्या हातात काचेचा निव्वळ तुकडा उरतो. दुसरी चूक विज्ञानातली आहे आणि हा लेख प्रामुख्याने तिच्याविषयी आहे. बॅटरीचे आयुष्य मुख्यतः उष्णतेने आणि फोन तासन्‌तास पूर्ण भरलेल्या अवस्थेत राहिल्याने घटते, आणि आपल्याकडे मार्च ते जून या काळात या दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच वेळी घडत असतात.

स्क्रीन रीडर नेमके काय करतो, हे आधी पाहू. वऱ्हाडातले प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) इतरांकडून ग्रंथ वाचून घेत. आज ते वाचून दाखवण्याचे काम फोन स्वतः करतो. अँड्रॉइडवरचे टॉकबॅक आणि आयफोनवरचे व्हॉइसओव्हर हे दोन्ही २००९ साली आले. पडद्यावरचे चित्र ‘पाहून’ ते बोलतात असा पुष्कळांचा समज असतो, पण सहसा तसे नसते. प्रत्येक ॲप आपल्या पडद्यावरच्या घटकांची एक यादी फोनच्या कार्यप्रणालीला देत असते: हे बटण आहे, याचे नाव ‘पाठवा’, ही चौकट आहे, ती निवडलेली आहे. बोट उजवीकडे सरकवले की स्क्रीन रीडर या यादीतल्या पुढच्या घटकावर जातो, त्याचे नाव मजकुराच्या रूपात बोलणाऱ्या यंत्रणेला देतो आणि ती यंत्रणा त्याचा आवाज तयार करते. दोनदा टिचकी मारली की ते बटण दाबले जाते. आजच्या प्रोसेसरच्या दृष्टीने हे काम किरकोळ आहे. आवाजाची फाइल फोनमध्येच उतरवून घेतलेली असली, तर त्यासाठी इंटरनेटही लागत नाही.

आता विजेचा हिशेब. ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत, सरासरी ३.८५ व्होल्ट धरले तर, सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. पूर्ण उजेडावर ठेवलेला मोठा पडदा एकटाच एक वॅट किंवा त्याहूनही अधिक घेतो. म्हणजे ऊर्जा खाणारा मोठा घटक पडदा आहे आणि अंध वापरकर्त्याला त्याचा काहीएक उपयोग नाही. तरीही तो उजळतच असतो. वैशाखातल्या उन्हात माणूस धुऱ्यावर उभा राहून फोनवर बोट फिरवू लागला, की प्रकाश मोजणारा सेन्सर ‘ऊन फार आहे’ असे ठरवून उजेड कमाल मर्यादेपर्यंत नेतो. मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही, पण ऊर्जा जाते आणि फोन आतूनही तापतो. यावरचा उपाय टॉकबॅकच्याच मेन्यूत आहे: पडदा लपवण्याची सोय. आयफोनवर तीन बोटांनी तीनदा टिचकी मारली की पडदा काळा होतो आणि बोलणे चालू राहते. फोनचा पडदा ओएलईडी जातीचा असेल, तर काळा बिंदू म्हणजे विझलेला बिंदू, त्यामुळे बचत थेट होते. साध्या एलसीडी पडद्यात मात्र मागचा दिवा काळ्या चित्रामागेही जळत राहू शकतो. म्हणून स्वस्त फोनवर आपोआप बदलणारा उजेड बंद करून तो हाताने अगदी शून्यावर आणून ठेवावा. शिवाय त्यामुळे शेजारी बसलेल्याला आपला संदेश किंवा बँकेतली शिल्लक दिसत नाही, हा फायदा वेगळाच.

एवढे सगळे रोजच्या खर्चाबद्दल झाले. बॅटरीचे आयुष्य हा वेगळा प्रश्न आहे आणि तिथे रसायनशास्त्राला खरा रंग चढतो.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणली आणि या बॅटरीच्या शोधासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्यात एका बाजूला ग्रॅफाइटचे, म्हणजे पेन्सिलीतल्या शिशातही असणाऱ्या कार्बनचे, पातळ थर असतात आणि दुसऱ्या बाजूला बहुधा लिथियम कोबाल्ट ऑक्साइड असते. मध्ये एक सेंद्रिय द्रावण असते. चार्जिंग करताना लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघून द्रावणातून ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. पूर्ण भरलेल्या अवस्थेत दर सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम, असे हे प्रमाण असते. वापरताना ते उलट परततात. या येण्याजाण्यात काही खर्ची पडायला नको, पण पडते, आणि त्याचे कारण असे, की भरलेल्या ग्रॅफाइटचे विद्युत विभव शुद्ध लिथियम धातूच्या फार जवळ, म्हणजे त्याच्यापेक्षा जेमतेम ०.१ व्होल्ट वर असते. एवढ्या तीव्र क्षपणकारक, म्हणजे शेजाऱ्यावर इलेक्ट्रॉन लादणाऱ्या, पृष्ठभागाशेजारी ते सेंद्रिय द्रावण टिकूच शकत नाही. त्यातल्या कार्बोनेट संयुगांचे विघटन साधारण ०.८ व्होल्टच्या खालीच सुरू होते. मग असली बॅटरी चालते तरी कशी?

ती चालते, कारण विघटनातून तयार झालेले पदार्थ ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर काही दशक नॅनोमीटर जाडीचा एक पापुद्रा करून बसतात. हा पापुद्रा लिथियमच्या आयनांना आरपार जाऊ देतो, पण इलेक्ट्रॉनांना अडवतो, आणि त्यामुळे पुढचे विघटन जवळजवळ थांबते. जखमेवर धरलेल्या खपलीसारखाच हा प्रकार आहे: तिच्यामुळे रक्त थांबते, पण ती रक्तानेच बनलेली असते. पापुद्र्यात अडकलेले लिथियम कायमचे बाद होते. पापुद्रा पूर्ण अभेद्य नसल्याने तो हळूहळू जाड होतच राहतो. त्याची वाढ साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते, म्हणजे सुरुवातीला झरझर आणि पुढे संथ, कारण जाडी वाढली की आरपार जाणेही अवघड होते. चार्जिंग करताना ग्रॅफाइट किंचित फुगते, रिकामे होताना आकसते. त्या हालचालीने पापुद्र्याला चिरा पडतात आणि प्रत्येक चिरेत नवा पापुद्रा धरतो, नवे लिथियम खर्च होते. म्हणूनच बॅटरी पूर्ण रिकामी करून पूर्ण भरण्यापेक्षा मधल्या मध्ये थोडी थोडी भरणे तिला मानवते.

या साऱ्या प्रक्रियेचा वेग दोन गोष्टींवर ठरतो. तापमान १० अंशांनी वाढले की अशा अभिक्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्या हिशेबाने २५ अंशांना जे नुकसान होते, ते ४५ अंशांना सुमारे चौपट वेगाने होईल. दुसरी गोष्ट म्हणजे भरण. बॅटरी १०० टक्क्यांवर असते तेव्हा ग्रॅफाइटचे विभव सर्वांत खाली, तर ऑक्साइडच्या बाजूचे सर्वांत वर असते. एकीकडे द्रावणाचे क्षपण आणि दुसरीकडे ४.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून वर त्याच द्रावणाचे ऑक्सिडीकरण, म्हणजे त्यातून इलेक्ट्रॉन हिसकावले जाणे, असा दुहेरी मार चालू राहतो. फोन नुसता पडून असला, त्यावर कोणी बोटही लावले नाही, तरी हे घडत असते.

बहुतेक लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या चार्जिंगसाठी ४५ अंश सेल्सिअस ही वरची मर्यादा मानली जाते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी किंवा अकोला या भागांत नवतपाच्या दिवसांत बाहेरच्या हवेचे तापमानच त्या मर्यादेला टेकते. चार्जिंगमध्ये फोनच्या आत एखाद-दुसरा वॅट उष्णता निर्माण होते आणि ती बाहेर जायची तर भोवतालची हवा फोनपेक्षा थंड असावी लागते. टिनाच्या छपराखाली, गादीवर, रबरी कव्हरात घातलेल्या आणि भर दुपारी चार्जिंगला लावलेल्या फोनची उष्णता जाणार तरी कुठे? अशा वेळी चांगला फोन स्वतःहून चार्जिंग मंदावतो किंवा थांबवतो, आणि ‘चार तास लावला तरी भरत नाही’ ही जी तक्रार मे महिन्यात ऐकू येते, तिचे कारण बरेचदा हेच असते. तो बिघाड नाही, बचाव आहे.

गावात वीज कधी जाईल याचा भरवसा नसल्यामुळे वीज आहे तोवर फोन १०० टक्के भरून तसाच लावून ठेवण्याची सवय सगळ्यांनाच लागलेली आहे. ज्याचा फोन हाच त्याचा वाचक, घड्याळ आणि नोटा ओळखणारा सोबती आहे, त्याने ही सवय सोडावी असे सांगणे निष्ठुरपणाचे होईल. पण वेळ बदलता येते. रात्री लावून सकाळपर्यंत तसाच ठेवण्यापेक्षा पहाटे, हवा सर्वांत थंड असताना, उठल्या उठल्या लावावा, कव्हर काढून फरशीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर ठेवावा आणि घराबाहेर पडताना काढावा. आता अनेक फोनांमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते; ज्या दिवशी घरीच राहायचे आहे, त्या दिवशी ती चालू ठेवावी.

इथे एका जुन्या समजुतीचा समाचार घेणे भाग आहे. ‘नवा फोन आठ तास चार्ज करा’, ‘महिन्यातून एकदा शून्यावर आणा’ हे सल्ले निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातले आहेत. लिथियम बॅटरीला तशी ‘स्मृती’ नसते. उलट, अगदी रिकामी करून आठवडेच्या आठवडे टाकून दिलेल्या बॅटरीत ग्रॅफाइटखालचे तांबे विरघळू लागते आणि ती कायमची निकामी होऊ शकते. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्लाही व्हॉट्सॲपवर फिरत असतो. त्याने आत बाष्प धरते आणि फोनच जातो. बॅटरी वाढवणारी आणि ‘रेडिएशन’ शोषणारी चिकटपट्टी तर यात्रेतल्या ताविजाच्याच पंगतीला बसवावी. फोनच्या पाठीवर चिकटवलेला कागद आतल्या द्रावणाचे रसायनशास्त्र कसे बदलतो, हे विक्रेत्याला एकदा विचारून पाहावे.

म्हातारी बॅटरी अंध वापरकर्त्याला ज्या तऱ्हेने दगा देते, ती तऱ्हा समजून घेण्यासारखी आहे. पापुद्रा जाड झाला की बॅटरीचा आतला रोध वाढतो. समजा २० टक्क्यांवर बॅटरीचा दाब ३.६ व्होल्ट आहे आणि ३.२ व्होल्टला फोन बंद होतो. रिझर्व्ह बँकेचे २०२० सालचे ‘मनी’ ॲप उघडून आठवडी बाजारात एखादी नोट ओळखायची, तर कॅमेरा, फ्लॅश, प्रोसेसर आणि बोलणे हे सगळे एकदम चालू होते. प्रवाह क्षणभर २ अँपिअरवर गेला असे धरू. नव्या बॅटरीचा रोध ०.१ ओहम असेल, तर ओहमच्या नियमाप्रमाणे ०.२ व्होल्ट आतल्या आत खर्च होऊन ३.४ व्होल्ट उरतात आणि काम होते. जुन्या बॅटरीचा रोध ०.३ ओहम झाला असेल, तर ०.६ व्होल्ट खर्च होतात, ३ व्होल्ट उरतात आणि फोन तत्काळ बंद पडतो. टॉकबॅकने दोन मिनिटांपूर्वीच ‘२० टक्के’ असे सांगितलेले असते आणि ते खोटेही नसते. थंडीत रोध आणखी वाढतो, म्हणून गोंदियाकडे डिसेंबरच्या पहाटे हाच अनुभव येतो. गावाबाहेर रेंज कमी असली की टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो आणि प्रवाह वाढतो. फोन ३० टक्क्यांच्या आतच बंद पडू लागला, तर दोष टॉकबॅकला न देता बॅटरी बदलून घ्यावी.

दुसरी एक फसगत स्वस्त चार्जरमुळे होते. पडद्यावरचे बोट ओळखण्यासाठी फोन विद्युत धारितेतले सूक्ष्म बदल मोजतो. हलक्या चार्जरमधून निसटणारा विद्युत गोंगाट त्या मोजणीत मिसळला, की बोट न लावताही स्पर्श झाल्याचे फोनला वाटते किंवा सरकवलेले बोट टिचकी म्हणून धरले जाते. डोळस माणसाला पडदा वेडावाकडा उड्या मारताना दिसतो, म्हणून तो समजतो. अंध माणसाला मात्र टॉकबॅक भलतेच काही वाचते आहे, नको ते बटण दाबले जाते आहे, एवढेच कळते, आणि दोष पुन्हा टॉकबॅकच्याच माथी येतो. वायर काढली आणि सगळे सुरळीत झाले, तर चार्जर बदलावा. ‘बॅटरी सेव्हर’ म्हणवणारी उपटसुंभ ॲपे मुळातच घेऊ नयेत. मागे चालणारी कामे मारून टाकताना ती टॉकबॅकलाही मारतात, आणि काही फोनांची अंगभूत बचत-व्यवस्थाही तसेच करते, तेव्हा तिच्या अपवादांच्या यादीत टॉकबॅक आणि आवाजाची यंत्रणा ही दोन्ही नावे घालून घ्यावीत. या यादीच्याच पडद्यावर नावे न दिलेली बटणे असतात, हे आपल्याकडच्या सॉफ्टवेअरचे दुर्दैव. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सुविधांची उपलब्धता हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या अधिकाराचाच भाग असल्याचे सांगितले, पण बटणाला नाव देण्याचे काम शेवटी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच करायचे आहे.

फुगलेली बॅटरी ओळखण्यात मात्र बोटे डोळ्यांपेक्षा मागे नाहीत. द्रावणाच्या विघटनातून वायूही तयार होतो आणि बॅटरीची पिशवी त्याने फुगते. कव्हर काढून फोन सपाट टेबलावर पाठीवर ठेवावा आणि एका कोपऱ्यावर हलकेच दाबावे. तो आधी सपाट बसत असे आणि आता डुलत असेल, किंवा कडेवरून नख फिरवताना काच आणि चौकट यांच्यामध्ये नवी फट लागत असेल, तर तो चार्जिंगला लावू नये, दाबू नये, टोचू नये. तो बंद करून गवत-कापसापासून दूर, सावलीत ठेवावा आणि शक्य तितक्या लवकर दुकानात नेऊन बॅटरी बदलावी. जुनी बॅटरी घरी परत आणू नये आणि उकिरड्यावरही टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी.